आर्डिथचे चारशे तास

आर्डिथ ब्रेक्केने सत्तेचाळिसाव्या वर्षी मास्टर्सला नाव घातलं, तेव्हा आमच्या अख्ख्या हाल्वडाल गावात तिला सगळ्यात जास्त हसले ती मी. मी लव्हॉन. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं आहे आणि दर रविवारी चर्चच्या गायनात आर्डिथच्या शेजारी उभी राहते. तेव्हा हसायचा पहिला हक्क माझाच.

"कशाचं म्हणे मास्टर्स?" मी विचारलं.

"स्पीच थेरपीचं. घरूनच, लॅपटॉपवर. तीन वर्षं."

"म्हणजे अठरा वर्षं शाळेत जे करतेयस, तेच शिकायला आणखी तीन वर्षं?"

"हो गं. पण मग कागद मिळेल."

कागद! शाळेत तिचा हुद्दा मदतनीस. तिची खोली म्हणजे बॉयलरच्या शेजारची, जिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवायचे. आज गावातली जी पोरं नीट बोलतात, त्यातली निम्मी त्या खोलीतून बोलायला शिकून बाहेर पडली आहेत. समोर आरसा, हातात स्ट्रॉ, टाळूला पीनट बटरचा ठिपका, आणि पोराची जीभ त्या ठिपक्यापर्यंत पोचेस्तोवर आर्डिथ न कंटाळता बसलेली. कागदावर सही मात्र ओहायोतल्या एका बाईंची. त्या बाई आठवड्यातून चाळीस मिनिटं पडद्यावर यायच्या, त्यातली दहा 'माझा आवाज येतोय ना?' यात जायची. मग एक दिवस शाळेच्या साहेबांनी जाहीर केलं की तीन वर्षांत शाळेकडे स्वतःचा पदवीधर थेरपिस्ट हवा, नाहीतर सगळं काम पडद्यावाल्या कंपनीला देऊन टाकू. पडद्यावर गेलं की मदतनीसही नको. म्हणजे आर्डिथची खोली परत झाडू-बादल्यांना.

म्हणून ही शिकायला बसली. तिच्या शेतघरात इंटरनेट नावापुरतं. वाचनालय पाचला बंद होतं, पण त्याचं इंटरनेट आवारात रात्रंदिवस सांडत असतं. बाई संध्याकाळी सहाला पिकअप घेऊन वाचनालयाच्या भिंतीला टेकायची, इंजिन चालू ठेवायची आणि स्टिअरिंगवर लॅपटॉप टेकवून मेंदूच्या नसा पाठ करायची. जानेवारीत उणे तीस असायचं. पहिल्या महिन्यात अर्ध्या गावाला वाटलं, नवऱ्याशी भांडून गाडीत राहायला लागली. कॉफीवर तो विषय आम्ही दोन आठवडे पुरवला.

इथल्या कॉफीबद्दल आणि इथल्या लोकांबद्दल एक सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा देऊ केलं तरी 'नको नको, कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तू करणारच असशील तर... अर्धाच कप' असं म्हणून तीन कप प्यायची. पहिल्यांदाच 'हो' म्हणणारा माणूस हावरट, आणि दोनदाच विचारणारा यजमान कंजूष. आमच्या आज्यांनी नॉर्वेहून येताना काय काय आणलं देव जाणे, पण हे दुखणं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवून आणलं असणार.

हे आम्ही आपसात करतो तोवर ठीक. पण आर्डिथने ते विद्यापीठाशीही केलं! त्या अभ्यासक्रमात चारशे तासांचं प्रात्यक्षिक असतं आणि तासातासाला पदवीधर थेरपिस्टची सही लागते. दूरचं शिक्षण म्हटल्यावर असा थेरपिस्ट शोधायचा कुणी? ज्याचा त्याने. फी घेणार ते, आणि गुरू शोधून आणणार चेला. तरी त्यांच्या एक प्राध्यापिका भल्या म्हणायच्या. त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "आर्डिथ, जागा शोधायला मदत हवीय का?" ही पडद्यासमोर हसत म्हणाली, "नको नको, बघते मी." झालं! बाईंनी पुढचं नाव घेतलं. शहरातली माणसं ती, त्यांच्याकडे 'नको' म्हणजे नकोच. बघण्यात हिचं अख्खं एक सत्र बुडालं.

"मग नंतर तूच का नाही गं विचारलंस?" मी म्हटलं.

"मी कशी विचारणार? त्यांनी विचारायला हवं होतं."

मी कपाळाला हात लावला.

मुलांचे तास कसेबसे भरले, शाळेतच, ओहायोवाल्या बाईंच्या सहीने. शेवटचे आठ आठवडे उरले ते मोठ्या माणसांचे. मेंदूचा झटका आलेले, बोलणं गेलेले, घास गिळता न येणारे. त्यासाठी लागणारी थेरपिस्ट ऐंशी मैलांवर नव्यानेच राहायला आली होती आणि आठवड्यातून तीन दिवस आमच्या नर्सिंग होममध्ये यायची. ती कोण, तर केलिन टॉफ्ट. आमच्याच गावची, वय सत्तावीस. सातव्या वर्षी तिचं बोलणं तिच्या आईलाही कळत नव्हतं. बॉयलरशेजारच्या खोलीत दोन वर्षं पीनट बटर चाटून ती बोलायला लागली. त्या पीनट बटरचा डबा धरणारा हात कुणाचा होता, ते मी सांगायला नको. आता तीच केलिन गळ्यात ओळखपत्र अडकवून आर्डिथला गुण देणार. पाचपैकी. प्रत्येक रकान्यात निदान तीन हवेत, एकातही दोन पडले की सगळे आठ आठवडे पुन्हा.

पोरगी वाईट नव्हती, हे कबूल करते. पण मिनियापोलिसला सहा वर्षं शिकून आली होती आणि अंगावर नियमांची इस्त्री अजून ताजी होती.

"मिसेस ब्रेक्के," ती म्हणायची, कारण शाळेतली सवय जाता जात नाही, "तुम्ही पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा मारता. त्यात सहा मिनिटं गेली. त्या सहा मिनिटांचं उद्दिष्ट काय होतं?"

"तो बसावा नीट, म्हणून."

"ते तुमच्या योजनेत लिहिलेलं नाही."

आर्डिथ मान हलवून वहीत लिहून घ्यायची. मी दारातून ऐकायची आणि मनातल्या मनात त्या पोरीला ओल्या फडक्याने बडवायची.

शेवटच्या आठवड्यात पाल्मर स्टेनरूड आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा. गावाच्या धान्यकोठारावर चाळीस वर्षं वजनकाट्याला बसलेला, कुणाच्या पोत्यात एक दाणा इकडचा तिकडे न केलेला. झटक्याने त्याचे सगळे शब्द नेले आणि नेमकं 'नको, नको' तेवढं मागे ठेवलं. काय निवड केली बघा! इस्पितळाने नाकात नळी घालून त्याला आमच्याकडे पाठवला होता. घास गिळता येतो का याची तपासणी शुक्रवारी करायची, येत नसेल तर सोमवारी पोटात कायमची नळी. मुलगी ॲरिझोनाहून फोनवर रडत होती. आणि ही तपासणी हेच आर्डिथचं शेवटचं काम. ती धड झाली की केलिनची सही, सही झाली की पदवी, आणि पदवी झाली की खोली तिची.

एप्रिल आला होता तरी बाहेर बर्फ भुरभुरत होता. शुक्रवारी सकाळी साडेदहाला मी ट्रे घेऊन त्याच्या खोलीत गेले. बर्फाचे तुकडे, साधं पाणी, मधासारखं घट्ट केलेलं पाणी, सफरचंदाचा गर, पुडिंग, बिस्किट. हे घट्ट पाणी मीच करते. जगात त्याच्याइतकं बेचव काही नाही. नळी सकाळीच काढली होती. पाल्मर उशांना टेकून बसलेला, केस विंचरून दिलेले. आर्डिथने तोंड तपासलं, जीभ इकडे तिकडे हलवायला लावली, खोकायला लावलं. सगळं छान. मग गळ्यावर चार बोटं ठेवून तिने गराचा चमचा उचलला. केलिन खाटेच्या पायथ्याशी तिचा तो गुणांचा फॉर्म घेऊन उभी.

"पाल्मर, थोडा सफरचंदाचा गर घेतोस?"

"नको, नको," पाल्मर म्हणाला. अगदी अदबीने.

"लव्हॉनने केलाय. घे ना."

"नको, नको." त्याने चांगला हात वर करून आडवा हलवला.

"थांबा," केलिन म्हणाली. "दोनदा नकार. योजनेप्रमाणे इथे थांबायचं. नाही म्हणायचा हक्क आहे पेशंटला." तिने लिहायला घेतलं. "तोंडाने घेण्यास नकार, दोन वेळा."

आर्डिथने चमचा खाली ठेवला. मी ट्रे उचलला. एवढ्यात केलिनचा फोन वाजला, ॲरिझोनाची मुलगीच ती, आणि केलिन "आलेच" म्हणून बाहेर गेली.

आता मी काही थेरपिस्ट नाही. पण बावीस वर्षं ताटं परत येताना बघते, म्हातारं माणूस न खाण्यासाठी कसं नाही म्हणतं ते मला कळतं. तोंड मिटून, मान भिंतीकडे वळवून. हा बाबा चमच्याकडे बघत होता. मला दिसलं आणि मी ट्रे उचलून चालायला लागले, कारण माझं काम ट्रेचं. एवढी मी शहाणी.

"लव्हॉन, जरा थांब," आर्डिथ म्हणाली. तिने माझ्या ट्रेवरून वाटी परत घेतली आणि खुर्ची पुढे ओढली. "पाल्मर, आता हे वाढलंच आहे बघ. तू नाही घेतलंस तर लव्हॉन टाकूनच देणार. एकच चमचा घे."

पाल्मरने वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खांदा उडवून, जणू आमच्यावर उपकार करतोय अशा थाटात, तोंड उघडलं.

आर्डिथची बोटं गळ्यावर होती. मी गळ्याची घाटी वर जाऊन खाली येताना बघितली. "आ म्हण," ती म्हणाली. "आ," तो म्हणाला, स्वच्छ, घशात काही घुरघुरलं नाही. दुसरा चमचा. तिसरा. चौथ्याला त्याने वाटीच जवळ ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला राग आला.

केलिन दारात येऊन उभी राहिली तेव्हा पाल्मर बोटाने वाटीचा तळ निपटत होता.

"काय चाललंय हे?"

आर्डिथ म्हणू शकली असती की त्यानेच मागितलं. मी म्हणाले असते, शपथेवर. ही बया उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "मी तिसऱ्यांदा विचारलं. योजनेत नव्हतं. तू खोलीत नव्हतीस. चूक माझी."

"त्याच्या श्वासनळीत गेलं असतं तर? मी इथे नसताना?"

"हो. बरोबर आहे तुझं."

केलिनने एक चमचा स्वतः भरवला, गळ्यावर स्वतःची बोटं ठेवली, कान लावून ऐकलं. पाणी दिलं, घट्ट आणि साधं. मग डॉक्टरला फोन करून सांगितलं की पोटातली नळी थांबवा, हा माणूस खाऊ शकतो. पाल्मरच्या अहवालात केलिनचं नाव आलं. आर्डिथचं नाव दुसऱ्या कागदावर, गुणांच्या. 'योजनेचे पालन व पेशंटची सुरक्षितता': दोन.

"मला तीन लिहिता येणार नाही मिसेस ब्रेक्के. मी पाहिलेलंच नाही ते."

"नकोच लिहू. खोटं कशाला?"

आर्डिथ माझ्या स्वयंपाकघरात आली आणि न सांगता भांडी धुवायला लागली. मी तिला खूप बोलले. म्हटलं, जिची जीभ तू जागेवर आणलीस तिने तुला नापास केलं, आणि तू मान डोलावतेस? म्हटलं, साहेब आठ आठवडे थांबणार नाहीत, एक तारखेला पडद्यावाल्यांशी करार करतील.

"पण पुस्तकात तेच लिहिलंय गं," ती म्हणाली. "परीक्षेत मीच लिहिलं होतं. दोनदा नकार म्हणजे थांबायचं. पूर्ण गुण मिळाले होते मला त्या प्रश्नाला."

असल्या बाईला काय बोलणार?

तेवढ्यात केलिन आत आली. अंगात कोट, हातात गाडीची किल्ली. ओळखपत्र काढून खिशात टाकलेलं, त्यामुळे एकदम लहान दिसत होती.

"मिसेस ब्रेक्के, फॉर्म रविवारी रात्री पाठवायचा आहे. उद्या मी येऊ शकते. तुम्ही योजना नव्याने लिहा, तिसऱ्यांदा विचारणं त्यात घाला, कारणासकट. दुपारच्या जेवणाला पाल्मरची पूर्ण तपासणी माझ्यासमोर करा. मग मी जे बघेन त्याचे गुण देईन."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आर्डिथने हात पुसले, हसली आणि म्हणाली, "नको गं, शनिवार तुझा सुट्टीचा."

"मला खरंच चालेल."

"नको नको. ऐंशी मैल येणार तू, त्यात बर्फ सांगितलंय. कशाला त्रास?"

केलिनने तिच्याकडे बघितलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुमची इच्छा." आणि गेली.

दार बंद झालं. आर्डिथ दाराकडे बघत उभी. मघाशी पाल्मर चमच्याकडे बघत होता, तशीच. मग ती वळली आणि धुतलेलाच टोप परत घासायला लागली.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. तीन वर्षांपूर्वी, पहिल्या हिवाळ्यात, मी तिला विचारलं होतं की माझ्याकडे ये ना संध्याकाळी, माझं इंटरनेट चांगलं आहे, स्वयंपाकघर उबदार आहे. ती म्हणाली, "नको गं." मी दुसऱ्यांदाही विचारलं नाही. मला संध्याकाळी टीव्ही बघायचा होता. जन्मभर इथे राहिले, त्या 'नको'चा अर्थ मला पक्का ठाऊक होता, आणि तरी मी तो शहरातल्या माणसासारखा घेतला, कारण तसा घेणं सोयीचं होतं. मी, गाव, साहेब, सगळ्यांनीच घेतला. तीन हिवाळे ती त्या गाडीत बसली आणि आम्ही कॉफीवर हसलो.

मी कोट न घालता बाहेर पळाले. केलिनची गाडी मागे यायला लागली होती. मी काचेवर डाव आपटला. डाव अजून हातातच होता.

काच खाली आली. "लव्हॉन? काय झालं?"

"आणखी एकदा विचार तिला."

"त्या नको म्हणाल्या ना. दोनदा."

"अगं शहाणे, पाल्मरही दोनदाच म्हणाला होता!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. केसांवर बर्फ पडत होता माझ्या. मग तिने इंजिन बंद केलं आणि गाडीतून उतरली. पायऱ्यांवर तिने बूट आपटले, दोन्ही पाय, आजीकडे जाताना आपटतात तसे.

आर्डिथ टोप घासतच होती. तिने वर बघितलं नाही.

"मिसेस ब्रेक्के," केलिन म्हणाली, आणि तिचा आवाज त्या बॉयलरशेजारच्या खोलीतला झाला, "उद्या अकराला येऊ मी?"

आर्डिथने नळ बंद केला. टोप उपडा ठेवला. फडकं पिळलं, घडी घातली, दांडीवर टाकलं.

"बरं," ती म्हणाली. "तू येणारच असशील तर. पण थोडाच वेळ हं."